आधी दगड, मग रोपं: कोकणात नव्यानं बाग करणाऱ्यांसाठी

नोकरी संपवून कायमची गावी आलेली माणसं बाग करायला घेतात ती बहुधा जानेवारीत. हवा छान असते, घराचा रंग नुकताच सुकलेला असतो आणि नर्सरीत सगळं फुललेलं असतं. गाडीची डिकी भरून रोपं येतात. त्यातली निम्मी मे महिन्यात कातळाच्या धगीनं करपतात, उरलेली जुलैत पागोळीखाली कुजतात. मग गणपतीला आलेल्या पाहुण्यांना सांगायचं, आमच्या जागेत काही होतच नाही हो.

जागेत होतं सगळं. क्रम चुकलेला असतो. मी देवगड तालुक्यात सड्याला, म्हणजे कातळाच्या पठाराला, लागून असलेल्या घरात अठरा पावसाळे बाग करते आहे, आणि पहिले तीन पावसाळे मीही हेच केलं. आमच्याकडे गडगा, म्हणजे सुट्या दगडांची भिंत, घालायला येणारे एक आबा होते. माझ्या मेलेल्या गुलाबांकडे बघून ते म्हणाले, "बाय, आधी पाणी खंयसून जाता ता बघ. धोंडे मगे, झाडां त्येच्या मगे." पुढचं सगळं त्याच क्रमानं लिहिलं आहे.

पाणी बघा

आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्यानंतरचे आठ महिने थेंब नाही. म्हणजे एकाच जागेत झाडाला आधी बुडायचं असतं आणि मग तहानायचं असतं. जमलं तर एक पावसाळा काहीही न लावता नुसतं बघा. छत्री घेऊन भर पावसात परसात फिरा. पागोळी कुठे पडते, पाणी कुठून वाहतं, कुठे तुंबतं, पश्चिमेचा वारा कुठल्या कोपऱ्यात आदळतो, हे पाहून बांबूच्या खुंट्या मारून ठेवा.

इतका धीर नसेल तर मागच्या पावसाच्या खुणा वाचा. भिंतीवर तांबड्या मातीचे शिंतोडे जिथवर चढलेत ती पागोळीची रेघ. माती वाहून नुसती खडी उरली आहे तो पाण्याचा रस्ता. उन्हाळ्यातही काळसर शेवाळाचा पापुद्रा दिसतो तिथे पाणी तुंबतं.

त्यानंतर पहार घ्या आणि दर दहा पावलांवर ठोकून बघा. कोकणातल्या जागेत कातळ कुठे दोन फुटांवर लागतो तर कुठे चार बोटांवर. जिथे माती आहे तिथे फूटभर खड्डा करून बादलीभर पाणी ओता. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तसंच दिसलं तर तिथे आंबा नको, फणस तर नकोच. अळू लावा, केळ लावा किंवा पाण्याला वाट करून द्या.

दगड कुठला आणि कुठून

नवख्यांची इथे सर्वात जास्त गफलत होते, म्हणून जरा सविस्तर.

बागेसाठी आपल्याकडे मुख्यतः दोन दगड. एक जांभा. खाणीतून निघतो तेव्हा तो मऊ असतो, वारा-ऊन लागलं की टणक होतो. अंगभर भोकं असल्यानं पाणी धरतो, आणि एका पावसाळ्यात त्याच्यावर शेवाळ आणि नेचे येतात. दुसरा काळा दगड. क्रशरवर जो न फोडलेला मिळतो त्याला डबर म्हणतात. त्याला धारदार कडा असतात, तो तापतोही भयंकर, पण पायाला आणि पाण्याच्या वाटेला त्याच्यासारखा दुसरा नाही. माझं मत विचाराल तर दिसायच्या भागाला जांभा, मातीत गाडायच्या भागाला डबर.

नर्सरीत पिशवीतून मिळणारे पांढरेशुभ्र पॉलिशचे गोटे कोकणात घेऊ नका. पुण्यात ते पांढरे राहात असतील. इथे ऑगस्टपर्यंत हिरवे होतात आणि दिवाळीला काळे. मग आपण ते ब्रशनं घासत बसायचं. मी दोन पिशव्या घासल्या आहेत.

जांभा मिळवायचा सर्वात चांगला मार्ग म्हणजे मोडणारं जुनं घर. गावात दरवर्षी एखादं तरी मातीचं घर पाडून स्लॅबचं होतं. त्याचे जुने चिरे, म्हणजे जांभ्याचे घडवलेले ठोकळे, जोत्याचे दगड, पायऱ्या मालकाला नकोच असतात. जाऊन विचारा, बहुतेक वेळा गाडीभाड्यात काम होतं. शंभर पावसाळे खाल्लेल्या चिऱ्याला जो रंग असतो तो नव्याला येत नाही. दुसरा मार्ग चिरेखाणीवरचे तुटके चिरे. बांधकामाला चालत नाहीत म्हणून ते बाजूला टाकलेले असतात आणि स्वस्तात मिळतात. तिसरा आपलीच विहीर किंवा पाया खणताना निघालेला दगड, तो ठेकेदाराला भरावात टाकू देऊ नका.

मोजमाप ब्रासमध्ये असतं. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. डबर असेल तर साधारण चार-साडेचार टन वजन. आठ फूट लांब, चार फूट रुंद अशा छोट्या दगडी वाफ्याला पाव ब्रास भरपूर होतो. नवीन माणूस उत्साहात अख्खी गाडी मागवतो आणि मग तीन वर्षं तो ढीग अंगणात सापांना आंदण दिलेला असतो.

आता कुठून आणायचा नाही ते.

किनाऱ्यावरून वाळू-दगड उचलायला सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या, म्हणजे सीआरझेडच्या अधिसूचनेनं मनाई आहे. २०११ ची अधिसूचना घ्या की २०१९ ची, दोन्हींत आहे. कायदा बाजूला ठेवला तरी त्या दगड-वाळूत मीठ असतं आणि शिंपल्यांचा चुना असतो, अनंतासारख्या आंबट मातीच्या झाडाला तो मानवत नाही. मालवणच्या बाजूला वाहून आलेली प्रवाळं लोक कुंडीत सजवतात. प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहेत आणि मालवणचा समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे. तिथून काही आणू नका.

नदीतले गोळे-गोटे गौण खनिजात येतात. डबर, चिरा, वाळू विकत घेताना गाडीवाल्याकडे वाहतुकीचा पास आहे का ते विचारा. लाजू नका. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ प्रमाणे बेकायदा गौण खनिजाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि गाडीही जप्त होते.

सड्यावरचे सुटे दगड तर मुळीच नकोत. सडा ओसाड दिसतो, पण पावसात तिथे दीपकाडी फुलते, आणि त्या दगडांखाली बेडूक, खेकडे, विंचू नांदत असतात. शिवाय उक्षी, कशेळी, बारसू, कुडोपीची कातळशिल्पं अशाच सड्यांवर आहेत. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. रेघा मातीखाली झाकलेल्या असल्या तर आपण कशावर पहार मारतोय ते कळतही नाही.

आणि दोन गावठी इशारे. एकटाच, नीट उभा रोवलेला दगड दिसला की हात लावू नका. एकतर तो मोजणीचा असतो, म्हणजे भावकीत पुढची दहा वर्षं बोलणं बंद. नाहीतर तो राखणदाराचा, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाचा, असतो. शेंदूर धुऊन गेलेला असला तरी गावाला ठाऊक असतं. देवराईतला तर वाळका पातेराही आणू नये.

दगड हलवताना

काम मार्च-एप्रिलमध्ये, सकाळी लवकर. पायात गमबूट, हातात जाड हातमोजे. उघड्या हातानं दगडाखाली बोटं घालायची नाहीत, कधीही.

दगड पहारीनं उचलायचा आणि आपल्या दिशेला कलता करायचा, म्हणजे फट पलीकडे उघडते आणि दगड आपल्या आणि आतल्या प्राण्याच्या मध्ये राहतो. नवीन माणूस नेमकं उलट करतो. आपल्या बाजूची कड उचलून खाली वाकून बघतो. चौथ्या वर्षी विहिरीजवळचा एक चिरा मी पहारीनं असा कलता केला आणि गरम तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तसा आवाज आला. फुरसं. वीतभर जागेत वेटोळं करून, अंगावर अंग घासत बसलेलं, मातीच्याच रंगाचं. पहार तशीच धरून मी हळूच दगड खाली टेकवला आणि घरात जाऊन चहा केला. दुपारी ते नव्हतं. फुरसं लांबीला फूट-दीड फूट, म्हणून लोक त्याला किरकोळ समजतात. ते मण्यार-नाग-घोणसाच्याच पंक्तीतलं आहे.

चावलंच तर जखमेवर काप द्यायचा नाही, आवळून बांधायचं नाही, चोखायचं नाही. हातातल्या बांगड्या-अंगठ्या काढायच्या, हात-पाय न हलवता १०८ ला फोन करायचा किंवा मिळेल त्या गाडीनं सरकारी रुग्णालय गाठायचं. प्रतिविष हाच उपाय आहे. लाल विंचवाचंही तसंच. एकेकाळी कोकणात लाल विंचवाच्या दंशानं पोरं दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन हे औषध वापरून उपचाराची दिशाच बदलली. पण ते औषध मिळायलाही दवाखान्यात वेळेवर पोचावं लागतं. मंत्र घालणाऱ्याकडे वेळ काढू नका.

एक चिरा तीसेक किलोचा असतो. कमरेतून नाही, गुडघ्यातून उचला. साठीनंतर गडी लावा, त्यात कमीपणा नाही.

दगड रचताना

सर्वात आधी पागोळी. छपराच्या पाण्याची धार जिथे पडते त्या रेघेत वीतभर रुंद, वीतभर खोल चर खणून डबर आणि खडी भरा. भिंतीवर माती उडणं थांबतं, जोत्याजवळ खड्डे पडत नाहीत, आणि त्या चरातून पाणी हवं तिकडे वळवता येतं. इतका स्वस्त आणि इतका उपयोगी दगड बागेत दुसरा नाही.

उतारावरच्या वाफ्याला गडगा घाला, म्हणजे चुना-सिमेंट न वापरता दगडावर दगड. आबांचा नियम असा होता: पहिला थर सर्वात मोठ्या दगडांचा आणि तिसरा हिस्सा जमिनीत गाडलेला. प्रत्येक दगड थोडा आत, डोंगराकडे झुकलेला. खालच्या थराच्या दोन दगडांच्या सांध्यावर वरच्याचा मधला भाग. आणि दगड हलत असला तर खाली चिप मारायची, 'राहील' म्हणून सोडायचं नाही. सिमेंट लावलंत तर पाणी मागे तुंबेल आणि एखाद्या आर्द्रा नक्षत्रात भिंत ढकलून देईल. सुट्या दगडांतून पाणी झिरपतं म्हणूनच आजोबांच्या वेळचे गडगे उभे आहेत.

आत तळाला वीतभर डबर, वर खडी, त्यावर नारळाची सोडणं उलटी घालून एक थर, मग माती. सोडणं उन्हाळ्यात ओल धरतात आणि दोन-तीन वर्षांत कुजून खत होतात. मातीचं मिश्रण मी दोन घमेली तांबडी माती, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत, एक घमेलं गोड्या पाण्याची रेती असं करते. खारी वाळू नको हे पुन्हा सांगते, कारण दरवर्षी कोणीतरी घालतंच.

मधल्या फटी सगळ्या भरू नका. पावसात तिथे तेरडा आणि नेचे आपोआप येतात, आणि खरं सांगायचं तर मी विकत आणलेल्या रोपांपेक्षा तेच जास्त शोभतात. उन्हाच्या बाजूला सदाफुली, चिनी गुलाब, अबोली, पावसाळी लिली. वाऱ्याच्या तोंडावर बोगनवेल, खुरचाफा, कण्हेर. मात्र कण्हेर विषारी आहे, गुरांच्या वाटेवर नको. अडेनियम हौसेनं घ्याल तर कुंडीतच ठेवा आणि मिरगाला, म्हणजे मृगाचा पाऊस लागताना, पडवीत आणा, नाहीतर त्याचा बुंधा कुजून पिठल्यासारखा होतो.

पायवाटेला गुळगुळीत दगड घालू नका. जुलैत त्यावरून पहिले घसरणारे आपणच. खडबडीत बाजू वर करा आणि आठवड्याला खराट्यानं घासा. शेवाळावर लोक ब्लीचिंग पावडर मारतात, पण ती वाहून झाडाच्या आळ्यात जाते.

आता नर्सरी

इतकं होईपर्यंत मे संपत आलेला असतो, म्हणजे खरेदीची योग्य वेळ. रोहिण्या लागल्यावर आणा, एक-दोन वळीव होऊन मिरगाचा पाऊस धरला की लावा.

फळझाडं शक्यतो विद्यापीठाच्या रोपवाटिकांतून घ्या. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ चं. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र आणि रत्नागिरीजवळ भाट्ये इथलं नारळ संशोधन केंद्र त्याचीच. काजूत वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ही नावं गावोगाव झालीत. आंब्यात हापूस आणि नीलम यांच्या संकरातून झालेला रत्ना आहे. तिथे रांग असते, मागणी आधी नोंदवावी लागते, रोप दिसायला बारकं असतं. पण जे सांगतात ते देतात.

खाजगी नर्सरीत डोळे उघडे ठेवा. मी पहिल्या वर्षी एका नर्सरीतून चार रातांबी, म्हणजे कोकमाची रोपं, घेतल्या, बियांपासून केलेल्या, 'लवकर धरतील' म्हणून. आठव्या वर्षी मोहरल्या. तीन नर निघाल्या. कोकमात नर आणि मादी झाड वेगळं असतं आणि बियांच्या रोपांत निम्म्याच्या आसपास नर निघतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. तेव्हा कोकम कलमच घ्या, 'कोकण अमृता' मागा. जायफळाचंही तसंच. आंब्याचं म्हणाल तर हापूसच्या कोयीतून हापूस येत नाही.

कलम बघताना सांधा बघा. खुंट आणि काडी एकजीव झालेली हवीत, सांध्याला प्लॅस्टिकची पट्टी रुतून गळा आवळलेला नको. पालवी सांध्याच्या वरून आलेली आहे ना ते बोट लावून तपासा. खालून फुटलेली हिरवीगार पालवी म्हणजे रायवळ, कलमाची नव्हे, खुंटाची. माडाचं रोप नऊ ते बारा महिन्यांचं, पाच-सहा पानांचं आणि बुंध्याला जाड घ्या. उंच, बारीक रोप बघून भुलू नका.

फुलझाडं घेताना फुललेलं रोप सर्वात शेवटी बघा. टेम्पोतून दारावर येतात ते गुलाब, ती शेवंती बहुतेक वेळा चिकट मातीच्या गोळ्यात बांधलेली असते. लांबच्या प्रवासाला ती माती चांगली, कारण ओल धरते. पण आपल्या पावसात तो गोळा तसाच गाडला तर आत मुळं गुदमरतात. बादलीत पाणी घ्या, गोळा अर्धा तास बुडवून ठेवा, मग बोटांनी हळूहळू सोडवा. वरची माती लोण्यासारखी सुटते, आतला गाभा मात्र सुपारीसारखा घट्ट असतो, तिथे घाई केली की बारीक मुळं तुटतात. पाणी दोनदा बदला. मुळं पांढरी दिसली तर रोप तुमचं. काळी आणि नासका वास असला तर पैसे गेले समजा.

वेडेलिया, म्हणजे पिवळ्या फुलांची जमिनीवर पसरणारी वेल, 'लगेच हिरवळ होते' म्हणून गळ्यात मारतात. होते खरी. मग ती शेजाऱ्याच्या बागेत होते, व्हाळात, म्हणजे ओढ्यात, होते, तोडून टाकलेल्या तुकड्यातूनही होते. जलपर्णीही हौदासाठी घेऊ नका. आणि रानातून झाडावरची आमरी, सीतेची वेणी अशी ऑर्किडं उपटून आणून विकणाऱ्याकडून काही घेऊ नका. आपण घेतो म्हणून तो पुन्हा चढतो.

पंधरा दिवस वेगळी पंगत

नवीन रोप आणलं की थेट बागेत नाही. आमच्याकडे मांगराच्या, म्हणजे बागेतल्या खोपटाच्या, मागे एक कोपरा आहे, तिथे पंधरा दिवस. पानांच्या मागे पांढरा कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण. पांढऱ्या मेणाची गोल गोल नक्षी दिसली तर चक्राकार पांढरी माशी, २०१६ मध्ये दक्षिणेत दिसलेली ही माशी रोपांबरोबरच प्रवास करत आपल्या माडांवर आली. थोडं असलं तर ओल्या फडक्यानं पुसा, निंबोळी तेल आणि साबणाचं पाणी मारा. सगळं रोपच भरलेलं असलं तर टाकून द्या.

पिशवीची वरची दोन बोटं माती उकरून बघा. साबुदाण्याएवढी पिवळट अंडी पुंजक्यानं दिसली तर ती आफ्रिकन गोगलगायीची. एक पिशवी दुर्लक्षित राहिली की पुढच्या पावसात रात्री टॉर्च घेऊन बादल्या भराव्या लागतात. हातमोजे घालून वेचायच्या आणि कडक मिठाच्या पाण्यात टाकायच्या, झाडाजवळ मीठ टाकायचं नाही.

लावणं

ह्यात फार सांगण्यासारखं नाही. आंब्या-माडाला मीटरभराचे खड्डे एप्रिलातच काढून उन्हात तापवलेले असावेत. कलमाचा सांधा मातीच्या वर राहिला पाहिजे. पावसाळ्यात आळं करायचं नाही, बुंध्याशी मातीचा उंचवटा करायचा, आळं दिवाळीनंतर. काठीचा आधार पश्चिमेच्या वाऱ्याचा विचार करून द्या. निसर्ग आणि तौक्ते वादळांनी काय केलं ते आपण पाहिलं आहे, तेव्हा माड घरापासून आणि विजेच्या तारांपासून लांब. हातापायाला जखम असली तर चिखलात हात घालू नका, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप याच दिवसांत येतो.

खळ्यातली देवाणघेवाण

आणलेलं एकटीनं ठेवायचं नसतं. आमच्या वाडीत मिरगानंतरच्या पहिल्या उघडिपीला बायका नवीन रोपं घेऊन कोणाच्या तरी खळ्यात, म्हणजे अंगणात, जमतात. ठरवून नाही, चहाच्या निमित्तानं. "वहिनी, ही जास्वंद कुठनं?" "अगो, ती डबल नाही, तिहेरी आहे." किंमत कोणी खरी सांगत नाही, घरातले ऐकत असतात. नवीन आलात तर या बैठकीला रिकाम्या हातानं जाऊ नका, साधी गवती चहाची पेंडी न्या. पहिल्याच दिवशी फाटी, म्हणजे लावायची काडी, मागू नका. आपलं रोप दाखवा, कुणी कौतुक केलं की "धरली की देते" म्हणा. पुढच्या खेपेला तुम्हाला न मागता मिळेल.

पण फाटी द्यायची ती पंधरा दिवसांची पंगत उठल्यावरच. रोगट रोप वाटणाऱ्याला वाडी विसरत नाही. मी एकदा पिठ्या ढेकणासकट क्रोटन वाटलं होतं, अजून ऐकते.

जास्वंद, अनंत, क्रोटन, बोगनवेल, मोगरा यांची फाटी पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांब, तीन-चार डोळ्यांची घ्या. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि तिरका, म्हणजे कुठली बाजू खाली हेही लक्षात राहतं. पानं वरची दोनच ठेवा, तीही अर्धी कापून. दोन डोळे मातीत. वर झावळाची सावली. महिनाभर उपटून बघू नका. नवीन माणूस रोज सकाळी ओढून बघतो आणि रोज सकाळी नवं मूळ तोडतो. पानवेल आणि मिरीचे वेल पेरासकट, हळद-अळू कंदानं, अबोली बियांनीही.

करवंटीला खिळ्यानं तळाशी भोक पाडा, त्यात माती भरून फाटी लावा. रुजली की करवंटीसकट द्यायची, घेणाऱ्यानं फोडून तशीच जमिनीत ठेवायची. बाहेर चुन्यानं नाव लिहा. तीन हिरव्या काड्यांतली पांढरी जास्वंद कुठली हे पुढच्या मेपर्यंत कुणालाच सांगता येत नाही.

गणपतीनंतर मुंबईला परतणारे चाकरमानी मागतात त्यांच्यासाठी: मुळांभोवती ओलं सोडण, त्यावर केळीचं पान, वरून केळीच्याच सोपाच्या दोरीनं बांधायचं. पाणी निघण्याच्या आदल्या रात्री घाला, सकाळी नको, नाहीतर एसटीत शेजाऱ्याच्या बॅगेवर तांबडा ओघळ येतो. वरच्या फळीवर ठेवू नका, पायाशी उभं ठेवा. आणि खिडकीबाहेर धरून ठेवायला पोरांच्या हातात देऊ नका, कशेडी घाट येईपर्यंत नुसती काडी उरते.